रंगभूमी आणि उंबरठा

मराठी रंगभूमीच्या इतिहासात १२ मार्च १९११ हा दिवस दोन कारणांसाठी सांगितला जातो. त्या दिवशी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'संगीत मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग झाला, आणि त्याच दिवशी भामिनीची भूमिका करणारे नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांची लहान मुलगी मृत्यू पावली. प्रयोग पुढे ढकलावा, असे जवळच्या मंडळींना वाटले. परंतु रसिकांचा विरस होऊ नये म्हणून बालगंधर्व रंगपटात गेले, तोंडाला रंग लावला आणि भामिनी होऊन रंगमंचावर उभे राहिले.

शंभराहून अधिक वर्षे ही कथा कलानिष्ठेचा आदर्श म्हणून सांगितली जात आहे. आम्हीही ती आदरानेच ऐकत आलो. मात्र कथा सांगणारे बहुधा नाट्यगृहातच थांबतात. बिऱ्हाडापर्यंत कोणी जात नाही. मुलीची आई लक्ष्मीबाई, तिने तो दिवस कसा काढला, हे कोणी विचारीत नाही. पित्याच्या निर्णयाचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांला नाही. तरीही एक प्रश्न उरतोच. रंगमंच आणि घर यांच्यामध्ये उंबरठा असावा की नसावा? आणि असावा, तर तो कोणी घालावा? कलावंताने, त्याच्या घरच्यांनी, की त्याच्यासाठी टाळ्या वाजविणाऱ्या आपण सर्वांनी? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याच रंगभूमीच्या आणि चित्रपटाच्या इतिहासातील तीन जीवने येथे आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम त्या काळची नाटकमंडळी समजून घेतली पाहिजे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले आणि १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत अनेक मंडळ्या गावोगाव फिरल्या. नाटकमंडळी ही नोकरीची जागा नव्हती. ते एक फिरते कुटुंबच होते. मुक्काम एक, पंगत एक, प्रवास एक. गोड गळ्याची मुले कोवळ्या वयात मंडळीत दाखल होत आणि स्त्रीभूमिकांसाठी तयार केली जात. त्यांना गायन, भाषा, पाठांतर, उभे राहण्याची आणि चालण्याची रीत हे सारे तेथेच शिकायला मिळे. औपचारिक शिक्षण न लाभलेल्या कित्येकांची ती शाळा होती, हे मान्य केलेच पाहिजे.

पण या शाळेला सुटी नव्हती. प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत. दिवसा झोप, संध्याकाळी तालीम, आणि मुक्काम संपला की सामान बांधून पुढचे गाव. घर आणि काम यांच्यामध्ये दारच नव्हते. समाजाने ते ठेवू दिले नव्हते, असे म्हटले तर अधिक खरे होईल. 'नाटक्या' हा शब्द शिवीसारखा वापरला जाई. जो समाज रात्री तिकीट काढून 'वन्स मोअर' देई, तोच सकाळी नटाला मुलगी देण्यास कचरे. अशा माणसाला मंडळी हेच घर आणि तेच गाव. मग घरासाठी काय राखावे आणि रंगभूमीला काय द्यावे, हा हिशेब त्याने मांडावा तरी कोठे?

बालगंधर्वांचे जीवन हे याचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. १८८८ साली जन्मलेले नारायणराव १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. १९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. भास्करबुवा बखल्यांसारखे गुरू, पुढे अहमदजान थिरकवांसारखे तबलजी, बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसारखे आश्रयदाते! इतके भाग्य फार थोड्या कलावंतांच्या वाट्याला येते. रसिकांना जे द्यायचे ते अस्सलच, हा त्यांचा बाणा होता. म्हणून शालू खरे, गालिचे खरे आणि नाट्यगृहात शिंपडले जाणारे अत्तरही खरे. त्यांच्या लुगड्याची नेसण आणि केसांतील फुलांची माळण घराघरांतील स्त्रियांनी उचलली. ८ जुलै १९२१ रोजी त्यांनी आणि केशवराव भोसल्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र 'मानापमान' केले, तेव्हा तिकिटांसाठी सारी मुंबई लोटली होती.

या वैभवाला दुसरी बाजू होती. काही वर्षांतच टेंबे गेले, पुढे बोडसही गेले. व्यवहार पाहणारी माणसे दूर होत गेली आणि 'देवा, पुरे' असे म्हणणारे कोणी जवळ राहिले नाही. कर्ज लाखाच्या पलीकडे गेले. ते फेडण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे अहोरात्र कष्ट केले. कोणाचे बुडविले नाही. यातील सचोटी वंदनीय आहे. पण त्या फेडीची किंमत कोणत्या वहीत लिहिली गेली? लक्ष्मीबाईंनी एकामागून एक अपत्ये गमावली. पती साऱ्या महाराष्ट्राचा झाला होता. त्यांच्या वाट्याला त्यातील किती आला असेल?

१९३५ साली 'प्रभात'च्या 'धर्मात्मा' चित्रपटात बालगंधर्वांनी संत एकनाथांची भूमिका केली. परंतु समोर प्रेक्षक नसताना अभिनय करणे त्यांना मानवले नाही आणि ठरलेले पुढील चित्रपट झालेच नाहीत. १९३८ साली गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या मंडळीत आल्या आणि घरात वादळ उठले. १९४० साली लक्ष्मीबाई वारल्या. १९५१ साली बालगंधर्वांनी गोहरबाईंशी विवाह केला. पुढे पाय अधू झाल्यावर जी शुश्रूषा झाली ती याच गोहरबाईंच्या हातून. आणि त्याही १९६४ साली त्यांच्याआधी गेल्या. त्याच वर्षी पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी बालगंधर्वांचे निधन झाले. गोहरबाईंना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, आणि पुष्कळांनी तसे केलेही. आम्हांला मात्र वाटते की, ज्या घराला उंबरठाच उरला नव्हता, तेथे कोण आत आले आणि कोण बाहेर गेले याचा दोष एका स्त्रीच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

मग कलावंताच्या जीवनात उंबरठा शक्यच नाही काय? त्याच काळातील एक स्त्री याचे उत्तर देते. हिराबाई बडोदेकर १९०५ साली मिरजेत जन्मल्या. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ हे त्यांचे वडील आणि ताराबाई माने ही आई. पुढे ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. त्यांनी मुलांना नवी नावे दिली. चंपाकलीची हिराबाई झाली, अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, सकीनाची सरस्वती झाली. तुटलेल्या घरातून निघालेल्या या आईने नावापासून घर पुन्हा उभारले. हिराबाईंची रीतसर तालीम अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे झाली.

तो काळ असा होता की, गाणारी स्त्री म्हटली की लोकांची नजर गळ्याकडे जाण्याआधी अन्यत्र जाई. धनिकाच्या दिवाणखान्यात मैफल असे. तेथे वेळ यजमानाची, फर्माईश यजमानाची आणि बोलण्याची पातळीही यजमानाची. गाणारीला अदा करून दाखवावी लागे. हिराबाईंनी ही रीत मोडली. डोक्यावरून पदर घेऊन, पुरुष गवयांप्रमाणे बसून, हातवारे न करता त्या केवळ सुरांवर मैफल रंगवू लागल्या. नाट्यगृहात तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांची गणना होते.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. तिकीट ही गोष्ट आपण पैशाच्या अंगाने पाहतो. परंतु हिराबाईंसारखीच्या दृष्टीने तिकीट हाच उंबरठा होता. तिकीट काढणाऱ्याचा हक्क पडदा उघडल्यावर सुरू होतो आणि पडदा पडला की संपतो. त्याला गाणे विकत मिळते, गाणारी नव्हे. दिवाणखान्यातला यजमान संपूर्ण संध्याकाळ आपल्या मालकीची मानी. नाट्यगृहातला प्रेक्षक केवळ आपल्या खुर्चीचा धनी. एवढ्याशा व्यवस्थेने गाणाऱ्या स्त्रीची प्रतिष्ठा किती वाढविली, याचा विचार आपण फारसा करीत नाही.

हिराबाईंचे सारे सुरळीत झाले असे नव्हे. १९२९ च्या सुमारास आई आणि भावंडांसह त्यांनी नाटक कंपनी काढली. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करीत. काही वर्षांत ती कंपनी कर्जात बुडून बंद पडली. हिराबाईंनी मैफली करून ते कर्ज फेडले. पण पुन्हा कंपनीच्या वाटेला गेल्या नाहीत. कर्ज बालगंधर्वांनीही फेडले आणि हिराबाईंनीही. फरक इतकाच की, एकाने फेडीनंतरही तोच डोलारा सांभाळला आणि दुसरीने आपल्या झेपेची मर्यादा ओळखली. त्या मर्यादेमुळे त्यांची कला खुजी झाली नाही. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले, आणि १९८९ साली निधन होईपर्यंत संगीतक्षेत्रात त्यांना घरातल्या वडीलधाऱ्या बाईचा मान होता.

तिसरे जीवन चित्रपटसृष्टीतील आहे, आणि ते सांगताना लेखणी जड होते. १९२३ साली जन्मलेली रतन साळगावकर ही मुलगी घरच्या ओढगस्तीमुळे चित्रपटात आली. १९३६ सालच्या 'विजयाची लग्ने' मध्ये ती प्रथम पडद्यावर दिसली, तेव्हा तिचे वय अवघे तेरा होते. घराण्याचे नाव चित्रपटाला लागू नये म्हणून तिचे नाव बदलण्यात आले आणि रतनची हंसा वाडकर झाली. तिचे नाव घराला नको होते. तिची कमाई मात्र हवी होती. लवकरच विवाह झाला. विवाहानंतर संसार करावा, काम सोडावे, ही तिची इच्छा होती; परंतु मिळकतीची गरज सुटेना आणि कामही सुटेना. 'संत सखू' (१९४१), 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) यांनी तिला कीर्तीच्या शिखरावर नेले. १९५९ सालचा 'सांगत्ये ऐका' पुण्यात विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला.

त्याच नावाने तिचे आत्मकथन पुढे प्रसिद्ध झाले. अरुण साधू यांनी तिच्या तोंडून ऐकून ते शब्दबद्ध केले. घराविना झालेली वणवण, दारूचे व्यसन, फसलेली नाती, मुलीची ओढ हे सारे तिने आडपडदा न ठेवता सांगितले. १९७१ साली, पन्नाशीही न गाठता, ती गेली. या आत्मकथनावर श्याम बेनेगल यांनी १९७७ साली 'भूमिका' हा चित्रपट काढला. हे पुस्तक वाचून नाके मुरडणारे पुष्कळ आढळतात. आम्ही त्यांना इतकेच विचारू की, तेराव्या वर्षी त्या मुलीसाठी रेघ आखणारे कोण होते? आईवडिलांनी आखली नाही, पतीने आखली नाही, निर्मात्यांनी आखली नाही. मग मोठेपणी ती स्वतःसाठी रेघ आखू शकली नाही, याचा दोष एकट्या तिचा कसा? ज्या मुलीला 'नाही' म्हणण्याचा अधिकार कधी मिळालाच नाही, तिला 'नाही' म्हणता येत नाही.

तीन जीवनांतून आम्हांला जे दिसते ते थोडक्यात असे. मर्यादा ही कलेची वैरीण नव्हे. ती कलावंताला दीर्घकाळ उभे ठेवणारी भिंत आहे. परंतु ती भिंत एकट्याने उभी राहत नाही. बालगंधर्वांना अडविणारे कोणी राहिले नव्हते, हंसाबाईंचे राखण करणारे कोणी नव्हते. हिराबाईंना मात्र करारी आई आणि सोबत गाणारी भावंडे लाभली होती.

आज हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. आपल्या गावांतील मुले-मुली मालिकांत दिसतात, वाद्यवृंदांत गातात, हातातल्या मोबाईलवर स्वतःची गाणी जगापुढे ठेवतात. याचा आनंदच वाटावा. गेल्या काही वर्षांत कायद्यानेही एक रेघ आखली आहे. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक काम देता येत नाही. त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला उभे करता येत नाही. सलग सत्तावीस दिवसांहून अधिक काम नाही, आणि मिळकतीचा किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. १९३६ सालच्या रतनला यांतील एकही आधार नव्हता. मात्र पालकांनाच हे नियम ठाऊक नसतील, किंवा ठाऊक असूनही मुलाच्या कीर्तीच्या मोहाने ते डोळेझाक करतील, तर कायदा कागदावरच राहील.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे. मुलाचे मानधन विचारण्याआधी तो कोणत्या वेळी घरी येणार, जेवणार आणि झोपणार हे विचारा. त्याच्या पैशाचा हिशेब त्याच्या नावे स्वतंत्र ठेवा. घरी त्याला त्याच्या घरच्या नावानेच हाक मारा. आणि आपण प्रेक्षक, आपणही आपली खुर्ची ओळखावी. पडदा पडल्यावर कलावंत आपला राहत नाही. तो त्याच्या माणसांचा होतो. त्याला त्यांच्याकडे जाऊ देणे, हीदेखील रसिकताच आहे.