सांबाराचा भाऊबंद

वाशीमच्या बाजारात आपण जिला सांबार म्हणतो, ती पुण्या-मुंबईकडची कोथिंबीर. ओवा, जिरे, सोप, गाजर ही तिची भावकी. फुलोरा उघड्या छत्रीसारखा. शास्त्रात हे चामर कुल. याच घराण्यातल्या हेमलॉकने इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्सच्या तुरुंगात सत्तरीच्या तत्त्वज्ञ सॉक्रेटिसचा जीव घेतला. त्या शेवटच्या दिवसाची हकीकत त्याचा शिष्य प्लेटो सांगतो, पण त्याने तास लिहून ठेवलेले नाहीत, त्यामुळे वेळ उन्हावरूनच मोजायची.

पहाट : डेलोसला गेलेले यात्रेचे जहाज परतले आहे. ते बाहेर असताना कोणाला मारायचे नाही, हा नगराचा नेम. सॉक्रेटिसचा मृत्युदंड महिनाभर त्यामुळेच लांबला. आता बेड्या निघतात. पोराला घेऊन बसलेल्या त्याच्या बायकोला, झँथिपीला, रडत-रडत घरी न्यावे लागते.

सकाळ : विष देणारा सॉक्रेटिसचा मित्र क्रिटो याच्याकरवी सांगतो, फार बोलू नका, अंग तापते, मग दोन-तीनदा प्यावे लागते. सॉक्रेटिस म्हणतो, मग तेवढे वाटून ठेव म्हणावे. आणि बोलतच राहतो.

दुपार : आत्मा अमर आहे का, यावर वाद. प्लेटो स्वतः आजारी, हजर नाही. त्याच्या वर्णनात झाडाचे नावही नाही. तो नुसते ‘फार्माकोन’ म्हणतो, म्हणजे औषध आणि विष दोन्ही. नावांचा घोळ पुढेही सरला नाही. रोमन लोक या झाडाला ‘सिक्युटा’ म्हणत. लिनियसने १७५३ मध्ये ते नाव पाणथळीतल्या दुसऱ्याच विषारी वनस्पतीला दिले आणि याला ‘कोनियम मॅक्युलॅटम’ केले. मॅक्युलॅटम म्हणजे ठिपक्यांचे : गुळगुळीत खोडावर जांभळे डाग, चुरगाळले की उंदराच्या मुतासारखा वास. पाणथळीतल्या त्या झाडाने झटके येतात, याने येतो लुळेपणा. अमेरिकेतला हेमलॉक वृक्ष तर पाइनच्या कुळातला. त्याचा इथे काही संबंध नाही.

दिवस कलताना : अंघोळ, म्हणजे मागे बायांना प्रेत धुण्याचा त्रास नको. मग तिन्ही मुलांची भेट.

सूर्यास्ताआधी : क्रिटो म्हणतो, डोंगरावर अजून ऊन आहे, घाई कशाला? सॉक्रेटिस पेला मागवतो. यातले थोडे देवांना वाहू का, असे विचारतो. विष देणारा सांगतो, आम्ही लागेल तेवढेच वाटतो.

पेल्यानंतर : पाय जड होईपर्यंत तो फेऱ्या मारतो, मग उताणा निजतो. विष देणारा पाऊल करकचून दाबतो, कळत नाही. पोटऱ्या, मांड्या, कंबर गार. कोनीन हे द्रव्य नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पोचू देत नाही, पण शुद्ध हरपत नाही. म्हणूनच वैद्यदेवतेला एक कोंबडा देणे आहे, हे त्याला आठवते. एक हिसका. क्रिटो त्याचे डोळे मिटतो.

कोनीनवर आजही उतारा नाही. श्वास यंत्रावर चालू ठेवला, तर दोन-तीन दिवसांत विष उतरते.