मनोरमा कोणाची? – वाँटेजच्या मठातलं एक भांडण

सोलापुरातून इंजिनिअरिंग करून अमेरिकेला गेलेले माझे मित्र आता आईबाप झालेत. ग्रुपवर विषय ठरलेले: पोराशी मराठीत बोलायचं का, डब्यात काय द्यायचं, डेकेअरवाल्या बाईचं किती ऐकायचं. हे भांडण किमान एकशेचाळीस वर्षं जुनं आहे.

१८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. वय पंचवीस, नवरा वारलेला, सोबत दोन वर्षांची मनोरमा. वाँटेजच्या सेंट मेरी मठात राहिल्या. सप्टेंबरात मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. मठातल्या सिस्टर जेराल्डिनला रमाबाई पत्रात चक्क 'आजीबाई' म्हणायच्या.

तरी वाजलंच. आधी ताटावरून. रमाबाई ख्रिस्ती झाल्या, पण शाकाहारीच राहिल्या. अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा नको. जेराल्डिनला त्यात जातीचा ताठा दिसायचा. (घरची सवय आणि जातीचा ताठा यांतली रेघ आपल्यालाही नेहमी कुठं दिसते म्हणा!)

खरी ठिणगी पडली ती प्रार्थनेवरून. रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकत होत्या, संस्कृतही शिकवत होत्या. मनोरमाला सांभाळण्यात मठाचा मोठा वाटा. चर्चची त्रैक्याची शिकवण रमाबाईंना पटलेली नव्हती. मलाच जे पटत नाही, ते माझ्या लेकीला शिकवू नका, असं त्यांचं म्हणणं. मठाला हे मान्य होणं अवघडच होतं.

१८८६मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि विधवांच्या शाळेसाठी व्याख्यानं देत फिरू लागल्या. मनोरमा परत जेराल्डिनकडे. आईची पत्रं मात्र चालूच. मुलीला हिंदुस्थानची म्हणवून घ्यायची लाज वाटू नये, आपल्या माणसांत ती परकी किंवा वरचढ होऊ नये, हा त्यांचा हट्ट.

मला जेराल्डिन खलनायिका वाटत नाही. पोरीवर तिचाही जीव होता, म्हणूनच तर प्रकरण अवघड. पैसा नाही, घर नाही, लेक दुसऱ्यांच्या हाती, आणि तरी 'आई मी आहे' हे पत्रातून बजावत राहायचं. आज व्हिडिओ कॉल तरी आहे.

मनोरमा पुढं भारतात परतली, आईच्या शारदा सदनात मुख्याध्यापिका झाली. मायलेकींनी गुलबर्ग्यातही शाळा काढली, म्हणजे आपल्या सोलापूरहून गाडीनं दोनेक तासांवर. १९२१मध्ये, चाळिशीत, ती आईच्या आधी गेली. रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही जगल्या नाहीत.