शर्विलकाचे वारस

'मृच्छकटिका'चा तिसरा अंक शिकवताना शर्विलकापाशी आम्ही नेहमीच जरा जास्त रेंगाळतो. चौर्याला शास्त्र मानणारा हा ब्राह्मण भिंत फोडण्यापूर्वी भगदाडाचा आकार कोणता शोभेल याचा विचार करतो, जानव्याने माप घेतो, दार करकरू नये म्हणून त्यावर पाणी शिंपडतो आणि दिवा विझवायला किडा सोडतो.

1998 साली अमेरिकेतील लुकिंग ग्लास स्टुडिओजचा 'थीफ: द डार्क प्रोजेक्ट' हा संगणकीय खेळ आला. आम्ही तो बराच उशिरा खेळलो, आणि पहिल्याच वाड्यात शर्विलक आठवला. गॅरेट हा चोर पाण्याचा बाण मारून मशाल विझवतो. पावले वाजू नयेत म्हणून फरशीवर शेवाळाचा बाण सोडतो. पडद्याच्या तळाशी असलेले रत्न तो अंधारात असताना काळवंडते, उजेडात आला की उजळते. खेळाडूच्या नजरेतून दिसणारे त्या काळचे खेळ बहुतेक गोळीबाराचे. इथे मारण्यापेक्षा ऐकण्याला महत्त्व आले. सर्वांत अवघड पातळीवर तर मनुष्यहत्येला बहुधा मनाईच असते. शर्विलकालाही विधिनिषेध आहेत (चारुदत्ताच्या घरात ते फारसे टिकत नाहीत, हे सोडा).

मात्र गॅरेटच्या लेखी प्याला काय नि फुलदाणी काय, अखेरीस हिशेब होतो तो एकूण किमतीचा. कलाचोरी हाच विषय असलेला खेळ म्हणून 2014 चा 'द मार्व्हलस मिस टेक' आम्हांला अधिक विचार करण्याजोगा वाटला. वारशाने मिळायचा कलासंग्रह सोफिया टेकच्या हातून गेला आहे; लंडनच्या कलादालनांतून ती तो एकेक वस्तू करत परत मिळवते. पहारेकरी ठरावीक वाटेने फिरत नाहीत, त्यामुळे पाठांतर उपयोगाचे नाही. धावले की आवाज होतो आणि ते वळतात. खेळ मोठा रंजक आहे. पण तासाभराने आमच्या ध्यानात आले की दालनातले एकही चित्र आम्हांला आठवत नाही. पहारेकऱ्यांच्या पाठी तेवढ्या आठवतात. चित्रासमोर थांबावे तर पकडले जावे, असाच इथला नियम.

हा दोष एकट्या खेळाच्या माथी मारता येणार नाही. 21 ऑगस्ट 1911 रोजी विन्चेन्झो पेरुज्जा या इटालियन कारागिराने लूव्हरमधून 'मोनालिसा' पळवली. संग्रहालयाला हे कळले दुसऱ्या दिवशी, तेही तिथे काम करायला आलेल्या एका चित्रकाराने विचारणा केल्यावर. पुढे ती रिकामी भिंत पाहायला लोकांनी रांगा लावल्या. डिसेंबर 1913 मध्ये फ्लॉरेन्सला पकडला गेल्यावर पेरुज्जाने सांगितले की इटलीचे चित्र त्याला इटलीत परत आणायचे होते. इतिहासात या दाव्याला आधार नाही. लिओनार्दोने ते स्वतःच फ्रान्सला नेले होते आणि तिथल्या राजसंग्रहात ते गेले.

'आपलेच परत घेतो' ही सबब सोफियाचीही आहे. फरक इतकाच, की खेळाने ती आरंभीच खरी ठरवून टाकली आहे. वस्तू कुणाची, हा प्रश्न खेळणाऱ्याला पडूच दिलेला नाही. शूद्रकाने असे केले नाही. चौथ्या अंकात मदनिका ते दागिने ओळखते, ते कुणाचे हे शर्विलकाला सांगते, आणि जिच्या सुटकेसाठी त्याने चोरी केली तिच्याच सांगण्यावरून त्याला ते वसंतसेनेच्या हाती नेऊन द्यावे लागतात.