सायकलीवरून पाहिलेला गाविलगड

आपल्या मंडळाच्या सहलींची परंपरा जुनी आहे. देवदर्शन, बागबगीचा, धरण अशी पुष्कळ ठिकाणे आपण बसमधून पाहिली. यंदा मंडळातील आम्ही सातजणींनी चिखलदऱ्याच्या पठारावर तीन दिवस सायकलीने हिंडून गाविलगड पाहिला. संपादक भगिनींनी त्याचे प्रवासवर्णन मागितले होते. परंतु मुक्कामाच्या आणि फराळाच्या हकिकतीपेक्षा त्या किल्ल्याचाच इतिहास येथे सांगावा असे मला वाटते. शाळेत आपण तो एका ओळीत संपविला होता: १८०३ साली इंग्रजांनी गाविलगड घेतला. तो कसा घेतला गेला आणि त्यासाठी कोणी काय सोसले, हे चढावर सायकल ढकलताना जितके समजते तितके ती ओळ पाठ करून समजत नाही.

प्रथम सायकलीविषयी दोन शब्द. जाड टायरच्या, गिअर असलेल्या या डोंगरी सायकली पाहून आपल्याकडे पुष्कळांना हा श्रीमंतांचा छंद वाटतो. त्यांचा जन्म मात्र जुन्या सायकलींतून झाला. १९७० नंतरच्या काळात अमेरिकेतील कॅलिफोर्नियामध्ये काही तरुण जुन्या, वजनदार, रुंद टायरच्या सायकली टमाल्पायस नावाच्या डोंगरावर नेऊन कच्च्या वाटांनी खाली सोडीत. तेथून हा प्रकार वाढला. १९९६ साली ॲटलांटा येथील ऑलिंपिकमध्ये त्याची शर्यत प्रथमच झाली, आणि विशेष म्हणजे पुरुषांची व स्त्रियांची एकाच वर्षी झाली. सडकेवरील सायकल शर्यत ऑलिंपिकमध्ये पुरुषांसाठी १८९६ पासून होती. स्त्रियांना ती मिळण्यास १९८४ साल उजाडावे लागले. डोंगरी सायकलीने आपल्याला तेवढे तरी थांबविले नाही!

परतवाड्याहून चिखलदरा सुमारे ३० किलोमीटर आहे. पायथा समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरांच्या आत-बाहेर, तर चिखलदरा १११८ मीटरांवर. म्हणजे सातशे मीटरांहून अधिक चढ. धामणगाव गढी मागे पडले की सातपुड्याची ही गाविलगडची रांग अंगावर येते. साग, बांबू, मोह अशी झाडी दोन्ही अंगांना दाट होत जाते. १९७३-७४ साली देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांपैकी मेळघाट हे एक. म्हणून आम्ही वाहतुकीचा रस्ता सोडून वनात शिरावयाचे नाही आणि सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठावयाचा, असे दोन नियम घालून घेतले होते. आमच्यातील सर्वांत वडील वहिनींना साठावे वर्ष लागले आहे. त्या म्हणाल्या, "चढावर उतरून चालण्यात लाज कसली? सायकल आपली आहे, आपण तिच्या नाही." तेव्हापासून आम्ही सर्वजणी निःशंकपणे उतरून चालू लागलो.

चिखलदरा हे नाव कीचकदरा यावरून आले, अशी लोककथा आहे. विराटाच्या घरी सैरंध्री होऊन राहिलेल्या द्रौपदीला त्रास देणाऱ्या कीचकाला भीमाने मारले व येथील दरीत लोटले, असे सांगतात. किल्ल्याच्या नावाचा संबंध गवळ्यांशी जोडतात. या पठारावर म्हशी पाळणारे गवळी आजही आहेत, आणि येथील रबडी आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. गवळ्यांचा किल्ला मातीचा असावा अशी परंपरा आहे. दगडी किल्ल्याविषयी फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो की बहामनी सुलतान अहमदशहा याने १४२५ च्या सुमारास अचलपुरास मुक्काम असताना गाविल बांधविला आणि नरनाळ्याची डागडुजी केली. पुढे १४८८ मध्ये फतहउल्ला इमाद-उल-मुल्क याने त्याचा जीर्णोद्धार केला. हाच वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक. तो मूळचा विजयनगरच्या मुलखातील हिंदू कुळातला, लढाईत लहानपणी पकडला गेलेला. किल्ल्याच्या दिल्ली दरवाज्यावर सिंहांच्या जोडीला दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे. विजयनगरच्या शिल्पात आढळणारा हा पक्षी वऱ्हाडच्या सुलतानाच्या वेशीवर पाहिला की लहानपणी हिरावले गेलेले घर मनुष्य किती दूरवर मनात बाळगीत असेल, असा विचार आल्यावाचून राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चिखलदऱ्याहून किल्ल्याकडे निघालो, आणि आदल्या दिवसाच्या मानाने तो रस्ता इतका सोपा लागला की आमच्यातील एकीने विचारलेच, "अगं, हाच का तो अवघड किल्ला?" तिच्या या प्रश्नातच गाविलगडचा सारा इतिहास आहे. किल्ला ज्या डोंगरसोंडेवर आहे तिचा दक्षिणेकडचा कडा सरळ तुटलेला, दोन्ही बाजूंना खोल दऱ्या. वऱ्हाडच्या मैदानातून येणाऱ्या शत्रूने वर पाहून निराशच व्हावे. उत्तरेकडे मात्र जमिनीची एक अरुंद मान किल्ल्याला पठाराशी जोडते. दोन किल्ले आहेत, एक आतला व एक बाहेरचा. त्याशिवाय उत्तरेच्या वाटेवर आणखी एक तट. बांधणाऱ्यांना आपले उणे ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी तिकडे तटावर तट चढविले. खरा भरवसा होता तो एवढाच, की अरण्यातून व डोंगरांतून फिरून येऊन या पठारावर जड तोफा चढविण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही.

१८०३ साली ते एकाच्या मनात आले. त्या वर्षी शिंदे व नागपूरचे दुसरे रघुजी भोसले एका बाजूला आणि इंग्रज दुसऱ्या बाजूला असे युद्ध पेटले. २३ सप्टेंबरला असई व २९ नोव्हेंबरला आडगाव या दोन्ही लढायांत आर्थर वेलस्ली जिंकला. भोसल्यांची पुष्कळशी फौज गाविलगडाच्या आश्रयास गेली. वेलस्ली स्वतः दक्षिणेच्या बाजूस राहिला आणि कर्नल स्टीव्हन्सनला त्याने उत्तरेकडे धाडले. अचलपुराहून किल्ल्याच्या उत्तरेस, इंग्रजी कागदांत लबाडा म्हटलेल्या गावापर्यंत, वाट सुमारे ३० मैल होती. वाट म्हणावयाची इतकेच! ७ डिसेंबरला निघालेली ही फौज १२ तारखेस तेथे पोहोचली. जवळजवळ सर्व अंतरभर जड तोफा व सामान माणसांनी हातांनी ओढून डोंगर आणि नाले ओलांडले, आणि ज्या रस्त्याने ओढावयाचे तो रस्ताही आधी त्यांनाच तयार करावा लागला. असे कष्ट आपण पूर्वी पाहिले नव्हते, अशी ग्वाही खुद्द वेलस्लीने आपल्या पत्रात दिली आहे.

भगिनींनो, माझी सायकल पंधरा किलोची. तिला गिअर होते, रस्ता डांबरी होता, आणि दर वळणावर थांबून पाणी पिण्याची मला मुभा होती. तरीही घाटात माझ्या पोटऱ्या भरून आल्या. मग लोखंडी तोफ दोरांनी ओढणारांचे काय झाले असेल? त्या फौजेत गोऱ्यांची एक पलटण होती, परंतु मोठा भाग आपल्याच देशातील शिपायांचा होता. शिवाय फौजेबरोबर असणारे बिगारी, बैलवाले व रस्ता फोडणारे. कर्नलचे नाव प्रत्येक इतिहासात सापडते. दोर ज्यांच्या तळहातांतून गेला त्यांच्यापैकी एकाचेही नाव मी वाचलेले नाही.

१३ डिसेंबरला तोफा सुरू झाल्या. दक्षिणेच्या माऱ्याने किल्ल्याचे फारसे बिघडले नाही. उत्तरेकडचे तट मात्र १४ च्या रात्रीपर्यंत ढासळले. १५ डिसेंबरच्या सकाळी स्टीव्हन्सनची माणसे खिंडारातून आत घुसली. आतल्या किल्ल्याच्या भिंतीला शिडी लावून कॅप्टन कॅम्पबेल व त्याची तुकडी उतरली आणि त्यांनी दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला.

याच दिवसाची आणखी एक नोंद इंग्रजी इतिहासात आहे, ती वाचून मी बराच वेळ पुढचे पान उलटू शकले नाही. किल्ला जाणार असे दिसताच तेथील राजपूत सरदारांनी आपल्या बायकामुलींना मारून टाकावे असे ठरविले. ते काम अपुरे राहिले. काही मेल्या, बाकीच्या जखमी अवस्थेत शत्रूला सापडल्या. वेलस्लीने त्यांना सन्मानाने वागविले, असे पुढे लिहिले आहे. त्या जखमा कोणाच्या तलवारीच्या होत्या? शत्रूच्या नव्हत्या. त्या जगलेल्या स्त्रिया नंतर कोणाच्या घरी गेल्या, कोणी त्यांना घेतले, त्या आपल्या मुलींना या दिवसाविषयी काय सांगत असतील, याविषयी इतिहासाने मौन धरले आहे. बेनीसिंगाचे शौर्य मी कमी लेखीत नाही. परंतु त्या स्त्रियांना कोणी विचारले होते का, हा प्रश्न महिला मंडळाच्या स्मरणिकेत नाही विचारावयाचा तर कोठे?

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबर १८०३ रोजी, देवगावचा तह झाला. भोसल्यांचा कटक प्रांत व वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला. गंमत अशी की एवढे करून घेतलेला गाविलगड व नरनाळा हे दोन्ही किल्ले भोसल्यांकडेच ठेवले गेले. ते १८२२ च्या तहाने निजामाकडे आले. १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सन नावाच्या अधिकाऱ्याच्या नजरेस हे पठार आले आणि चिखलदऱ्याचे थंड हवेचे ठिकाण झाले. पुढे साहेबांनी येथे कॉफी लावली. १८५८ च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात आले. त्यांच्या हाती लागू नये म्हणून गाविलगडाची तटबंदी इंग्रजांनीच त्या वर्षी निकामी केली. आज तो पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. आत तलाव आहेत, मशीद आहे, गवतात पडलेल्या तोफा आहेत. सायकली दरवाज्याबाहेर ठेवून आम्ही दोन तास पायी फिरलो.

परतीच्या वाटेवर शाळेतून येणाऱ्या काही कोरकू मुली भेटल्या. कोरकू भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नव्हे. मुंडारी-संथाळीशी तिचे नाते आहे. आमच्याशी मात्र त्या स्वच्छ मराठीत बोलल्या. दोघींजवळ साध्या, बिनगिअरच्या सायकली होत्या आणि चढावर त्या त्यांना हातांनीच ढकलीत होत्या. एकीने आमच्या गिअरवर बोट ठेवून विचारले, "याने चढ कमी होतो का?" वहिनी म्हणाल्या, "चढ तेवढाच राहतो गं, पाय थोडे कमी दुखतात." ती हसली आणि कोणत्या वळणापुढे उतार लागतो ते तिने आम्हाला सांगितले. तिने सांगितले तसेच निघाले.

या पठारावरचा प्रत्येक चढ कोणीतरी ओझे घेऊन चढलेला आहे. आपल्या आज्या-पणज्याही पाण्याचे हंडे आणि लाकडाच्या मोळ्या घेऊन असेच चढ चढल्या; त्यांची नावे आपल्या घरात तरी लिहून ठेविली आहेत काय? माझी मंडळाला एक विनंती आहे. पुढच्या वर्षी गाविलगडाची सहल पुन्हा काढावी, पायाने किंवा सायकलीने, ज्या जमेल त्या रीतीने. आणि तिच्याबरोबर प्रत्येक सभासद भगिनीने आपल्या आजीचे नाव, तिचे गाव व तिने केलेले काम एका कागदावर लिहून आणावे. मंडळाच्या कपाटात त्यासाठी एक वही ठेवण्यास मी तयार आहे. पहिले पान मी माझ्या आजीच्या नावाने लिहिले आहे.