जाड-बारीक रेषा: अदिश की सदिश?

फॅशन मासिकाचं मुखपृष्ठ किंवा अत्तराच्या बाटलीवरचं नाव डोळ्यासमोर आणा. रोमन अक्षरातली उभी रेषा ठळक, आडवी रेषा केसाएवढी. ही शैली अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या दिदो घराण्याने आणि पार्मा इथल्या बोदोनीने घडवली. कागद गुळगुळीत झाला, छपाई सुधारली, म्हणून एवढी बारीक रेषा कागदावर टिकू लागली.

आता प्रश्न: अशी ऐट देवनागरीत कशी आणायची? सरळ उत्तर वाटतं की उभ्या रेषा जाड करा, आडव्या बारीक. पण आपली सगळ्यात महत्त्वाची आडवी रेषा म्हणजे शिरोरेखा! ती केसाएवढी केली तर काय होईल?

इथे इतिहास कामाला येतो. देवनागरीचं वळण बोरूतून आलं. बोरूचा काप तिरका, आणि तोही रोमन लेखणीच्या उलट बाजूला. त्यामुळे आडवी आणि उभी, दोन्ही रेषा भरदार येतात. बारीकपणा जातो डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या तिरक्या रेषेत.

जावजी दादाजी लहानपणी मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टाइपाच्या कामाला लागले. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःची टाइप फाउंड्री काढली, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांच्या अक्षरांचे साचे कोरले राणोजी रावजी आरू यांनी. निर्णयसागरच्या जुन्या पोथीचं पान भिंगाखाली धरा. जाड-बारीक फरक स्पष्ट आहे, पण तो बोरूच्या दिशेने. शिरोरेखा भरदारच आहे. त्याला व्यावहारिक आधारही होता: खिळ्यांच्या छपाईत प्रत्येक खिळ्यावर शिरोरेखेचा आपला तुकडा असतो. तुकडे शेजारी बसले की ओळ सलग दिसते. रेषा जितकी बारीक, तितका सांधा उघडा पडण्याचा धोका जास्त.

आपण विज्ञानवाले 'जाड भागिले बारीक' असं गुणोत्तर काढून मोकळे होतो. पण ती झाली अदिश राशी. अक्षरातला हा फरक सदिश आहे: त्याला परिमाण आहे, तशी दिशाही आहे. दोन टाइपांचं गुणोत्तर सारखं येईल, आणि तरी एक बोरूचा, दुसरा बोदोनीचा असेल.

संशोधनाला बसताना एवढं लक्षात ठेवा: उसनी व्याख्या घेतली की तिच्यासोबत उसनं हत्यारही येतं. मोजण्याआधी विचारा, ही व्याख्या कोणत्या लिपीवर बेतलेली आहे?

करून बघायचं असेल तर अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा 'रोझा वन' हा मोफत फॉन्ट उतरवून घ्या. त्यात 'वरवंड' टाइप करा. माझ्या गावाचं नाव, पण चाचणीला सोयीचं: चार अक्षरांपैकी तीन भिन्न, वर अनुस्वार, आणि सलग शिरोरेखा. मग जुन्या छपाईतलं तेच अक्षर शेजारी ठेवा आणि सगळ्यात बारीक रेषा कोणत्या कोनात आहे ते मोजा. खोलात जायचं असेल तर बापूराव नाईकांचा 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' (१९७१) ग्रंथालयात मागा. पण आधी कोनमापक घ्या, मग पुस्तक.