नारायणराव पेशवे खून : पुराव्यांचा वाद
पेशवे नारायणराव यांच्या ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात झालेल्या खुनामागील सूत्रधारांविषयी व्यासंगी आणि हौशी इतिहाससंशोधकांत चालत आलेला वाद. थकलेल्या पगाराचे निमित्त करून सुमेरसिंगादी गारदी (पगारी शिपाई) वाड्यात घुसले. चुलते रघुनाथराव यांना बिलगलेल्या नारायणरावांना त्यांनी ठार केले. चौकशीअंती न्यायाधीश रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना दोषी धरले (पहा : रामशास्त्री प्रभुणे). वादाचा गाभा रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाई यांचा सहभाग हा होय. रघुनाथरावांनी गारद्यांना दिलेल्या चिठ्ठीतील ‘धरावे’चे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, ही कथा सर्वतोमुखी आहे; मात्र ती मूळ चिठ्ठी उपलब्ध नाही. त्यामुळे केवळ या कथेवरून त्यांना खुनी ठरविणे न्याय्य नाही. खुनाची परिणती रघुनाथरावांविरुद्धच्या कारभाऱ्यांच्या एकजुटीत झाली (पहा : बारभाई कारस्थान).