आकडा कुठे थांबतो?

बाबा सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होते. त्यांच्या जन्मदाखल्यावर मात्र जिल्हा आहे 'दक्षिण सातारा'. तो 1949 मध्ये साताऱ्यातून वेगळा निघाला, 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. मुंबई दारूबंदी कायदाही 1949 चाच, त्यामुळे परवान्याशिवाय घरी बिअर करणं आपल्याकडे गुन्हा. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने मोकळीक मिळाली. तिथे नोकरीला असताना मीही हा उद्योग करून बघितला.

पाण्याची घनता 1.000 धरली तर माझ्या मॉल्टच्या रसाची होती 1.050. यीस्ट साखर खातं, तसा आकडा उतरतो. पुस्तकाप्रमाणे शेवट 1.012 ला व्हायला हवा होता. माझा 1.020 वर दिसला. म्हटलं, झालं असेल! बाटल्या भरल्या. दहाव्या दिवशी एक फुटली आणि रूममेटच्या हाताला पाच टाके पडले.

फोनवर बाबांनी एवढंच विचारलं, "आकडा दोन-तीन दिवस तिथेच होता का रे?"

मी पुन्हा मोजलंच नव्हतं.

मग त्यांनी शिकवणी घेतली. मळीचा वॉश 1.040 च्या आसपासच थांबतो, कारण मळीत क्षार आणि यीस्टला न पचणारे पदार्थ भरपूर. द्राक्षाची वाइन 1.000 च्याही खाली जाते, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं. म्हणजे हायड्रोमीटर थोडं खोटंच बोलतो! प्रागच्या बॉलिंगने 1843 च्या सुमारास हा हिशोब मांडला. अल्कोहोल उडवून तेवढंच पाणी घातलं, तर 1.012 ची बिअर 1.019 च्या आसपास भरते. बाबांच्या लॅबमधलं 'ब्रिक्स' हे बॉलिंगच्याच तक्त्याचं पुढचं व्हर्जन.

मग शेवट आधी कसा ओळखायचा? ग्लासभर रसात जास्तीचं यीस्ट घालून तो उबेला ठेवायचा. तो जिथे थांबेल, तोच साधारण आपला शेवट. बदलायचा असेल तर सुरुवातीलाच: मॉल्ट 65 अंशाला भिजवलं तर आकडा खाली जातो, 69 ला भिजवलं तर वर राहतो. नंतर फारसं काही हातात नसतं.

असो. आता परत आलोय, बिअर बंद आहे. रूममेट भेटला की अजून हात दाखवतो. रिलीजची तारीख आली म्हणून कोड तयार होत नाही, हे ऑफिसात रोज सांगणारा मी. बाटल्या मात्र कॅलेंडर बघून भरल्या होत्या.